कार्डावर नाव वसंतकाकाचं

इथे मला ओळखणारे ओळखतात. कुणी अनुभव टाकला की खाली "आधी डॉक्टरला दाखवा" अशी कमेंट करणारा खडूस तो मीच. भूत, चकवा, करणी यातलं मी काहीही मानत नाही, आजही नाही. तरी माझ्याकडेही एक प्रकार आहे आणि तो लिहायचा मी इतकी वर्षं टाळलाय... कारण त्यात डॉक्टरला दाखवलं होतं. दाखवलं, तिथूनच सगळं सुरू झालं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली, गिरणीसंपानंतरची. आम्ही घाटकोपरला भटवाडीत, टेकडीवरच्या चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि पगाराबरोबर त्यांचं कामगार विम्याचं कार्डही गेलं. मी अंधेरीला एका छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर होतो. तिथे आम्ही जेमतेम सहा माणसं, एवढ्याशा जागेला विमा लागू नव्हता. म्हणजे घरात कार्ड कुणाचंच नाही, आणि नेमकं तेव्हाच बाबांच्या छातीत दुखायला लागलं.

चाळीपर्यंत येताना पायऱ्यांवर बाबा तीनदा थांबायचे. पालिकेच्या मोठ्या इस्पितळात गेलो तर हृदयाच्या डॉक्टरची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली. मग मी खाजगी स्पेशालिस्टांचे उंबरठे झिजवले. घाटकोपर, मुलुंड, कामावरून सुटलो की अंधेरी. सगळीकडे कंपाउंडर आधी फी सांगायचा. ती ऐकून मी विम्याचं विचारायचो, खरं तर कार्ड नसतानाच. "विमा आपल्याकडे चालत नाय. त्यांचा हार्टवाला त्यांच्या इस्पितळात बसतो, दर गुरुवारी. कार्ड आहे ना? मग तिकडे जा."

हार्टवाला सापडला होता. कार्ड नव्हतं.

ते होतं बाबांच्या धाकट्या भावाकडे. वसंतकाका मुलुंडला रंगाच्या कारखान्यात होता. रंगाने भरलेले ड्रम एकट्याने हलवायचा, भजनात सर्वांत वरच्या पट्टीत गायचा, आणि आजारपण म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी तो आमच्याकडे आला, सगळं ऐकून घेतलं आणि खिशातून कार्ड काढून बाबांपुढे ठेवलं.

"ह्या घेवन जा. मी काय आजारी पडनय नाय, ता ट्रंकेत नुसता पडान आसा."

"आणि डाक्टरान नाव इचारल्यान तर?" बाबा म्हणाले.

"तर माझा सांग. आडनाव सांगताना तरी खोटा बोलूचा लागाचा नाय."

तेव्हा असं करणारे आम्ही एकटेच नव्हतो, संपानंतर तर सर्रास चालायचं. कार्डावर फोटो नसायचा, फक्त ओळखीची खूण लिहिलेली. काकाची होती, हनुवटीवर तीळ. गुरुवारी सकाळी आईने काजळाने बाबांच्या हनुवटीवर तीळ काढला आणि आम्ही सगळे हसलो. काकाने एकच अट घातली होती — "सुमनाक सांगू नको. ती भियातली." सुमन म्हणजे माझी काकी. शिवाय कारखान्यात कळलं असतं तर त्याची नोकरीच गेली असती.

इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. केस पेपर मीच भरला, माझ्या अक्षरात. नाव वसंत, वय काकाचं, पत्ता काकाचा, धंदा काकाचा. डॉक्टर चांगले होते, थकलेले पण शांत. त्यांनी कार्डिओग्राम काढला, कागदाची ती लांब पट्टी बोटांतून सरकवत वाचली आणि म्हणाले, "वसंतराव, तुम्हाला मागे कधीतरी झटका येऊन गेलाय. तुम्हाला कळलाही नसेल. हृदयाच्या खालच्या बाजूला व्रण आहे. ड्रमबिम उचलणं बंद." बाबांनी मान डोलावली. पट्टी काकाच्या नावाच्या फाइलीत गेली, गोळ्या सुरू झाल्या.

बाबांना फरक पडला. महिन्याभरात ते पायऱ्या न थांबता चढायला लागले. गोळ्यांनी आराम पडणारच, त्यात काय विशेष. पण एक दिवस दाढी करता करता ते मला म्हणाले, "छातीवरचा वझा कोणी उचलून नेल्यान असा वाटता रे." मला फार बरं वाटलं. नेल्यान कोणी, हा प्रश्न तेव्हा कशाला पडेल?

गणपतीत वसंतकाका आमच्याकडे आला, तेव्हा मी खाली नारळ आणायला निघालो होतो. काका अर्ध्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. बरोब्बर त्याच वळणावर, जिथे बाबा दुसऱ्यांदा थांबायचे. हात छातीवर. "ॲसिडिटी," म्हणाला, "रंगाचो वास." मी त्याला हात धरून वर आणलं. भजनात त्या वर्षी तो नुसत्या टाळ्या वाजवत बसला.

दिवाळीनंतर काका कारखान्यात कोसळला. कारखान्यातल्या लोकांनी त्याला नियमाप्रमाणे त्याच विम्याच्या इस्पितळात नेलं, त्याच डॉक्टरकडे. मी, बाबा आणि काकी पोहोचलो तेव्हा डॉक्टर खाटेशी उभे होते. एका हातात ताजी पट्टी, दुसऱ्या हातात फाइलीतली जुनी.

"हे बघा," ते काकीला म्हणाले, "हा सहा महिन्यांपूर्वीचा व्रण, आणि हा आजचा. तोच, त्याच जागी, एका रेषेचा फरक नाही. त्याच्यावर आता नवा झटका आलाय. वसंतराव, मी तुम्हाला तेव्हाच ड्रम उचलू नका म्हणालो होतो ना?"

काकाने आमच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर नोकरी गेली असती, आणि कार्डही. तो ओशाळं हसला आणि म्हणाला, "हो साहेब. माझंच चुकलं."

ज्या माणसाचा कार्डिओग्राम त्या इस्पितळात कधी निघालाच नव्हता, तो आमच्यासाठी बोलणी खात होता. आदल्याच वर्षी कारखान्याच्या तपासणीत हाच काका ठणठणीत निघाला होता, हेही सांगून ठेवतो.

मी बाहेर आलो तर बाबा दिसेनात. शोधत गेलो, तर ते केस पेपरच्या खिडकीशी उभे. आतल्या कारकुनाला हात जोडून सांगत होते, "साहेब, त्या जुन्या कागदावर नाव चुकलंय. तिथे माझं नाव पाहिजे, विश्राम. दुरुस्त करा." कारकून वैतागून म्हणत होता, बाबा, तुमचं कार्ड दाखवा मग.

मी बाबांचा दंड धरून त्यांना बाजूला ओढलं. घाबरलो होतो, आणि रागही आला होता. "काय करताय? काकाची नोकरी जाईल. आणि नाव बदलून काय होणार आहे?"

बाबांनी दंड सोडवून घेतला. मग अगदी हळू म्हणाले, "माझा होता ता माका परत व्हया."

छापखान्यात मी दिवसभर दुसऱ्यांच्या नावातल्या चुका दुरुस्त करायचो. ही एक नाही केली. बाबांना चहा पाजला, समजूत घातली, घरी नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काका गेला.

तेराव्यानंतर मी उसने पैसे घेऊन बाबांना घाटकोपरच्या एका खाजगी स्पेशालिस्टकडे नेलं. त्याने पट्टी काढली, पुन्हा काढली. "यांना झटका येऊन गेलाय असं कोण म्हणालं? हे हृदय स्वच्छ आहे." जुना व्रण भरून येतो का, मी विचारलं. तो म्हणाला, व्रण तो व्रणच, तो कुठे जाणार?

पुढे कितीतरी डॉक्टरांना मी हे ऐकवलंय. कुणी म्हणतं, पट्टीवरची खूण कधी कधी पुसट होते. कुणी म्हणतं, सख्खे भाऊ, घराण्यातच दुखणं असणार. कुणी म्हणतं, तेव्हाच्या मशिनी तशाच, वायरी उलट्या लागल्या असतील. सगळं पटतं. एकेक वेगवेगळं घेतलं तर अगदी पटतं. पण एकाचा व्रण जातो आणि दुसऱ्याला तोच, त्याच जागी येतो, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं आणि माझ्याकडे तर नाहीच. बाबा त्यानंतर खूप जगले. शेवटी डोळे गेले, गुडघे गेले, माणसं ओळखेनात. हृदयाने मात्र कधी कुरकुर केली नाही, आणि त्याचा त्यांना रागच होता असं मला वाटतं.

काकी अजून आहे, मुलुंडलाच, मुलीकडे. दर वर्षी काकाच्या श्राद्धाला मी जातो. पान वाढून झालं की ती फोटोकडे बघत तेच बोलते. "सहा महिने दुखणा घेवन फिरलो. डाक्टरकडे सुद्धा गेलो. पण माका सांगूक नाय. येवढी काय परकी होतंय मी?" इतकी वर्षं ती मेलेल्या नवऱ्यावर रुसून बसली आहे.

या वर्षी तिने मला सरळच विचारलं, "तुमका तरी सांगल्यान होता काय रे?"

मी म्हटलं, "नाही काकी. आम्हालाही नाही सांगितलं."