कप्पीमास्तरांच्या टाचण्या

कप्पीमास्तरांच्या खिशात तपकिरीच्या डबीऐवजी पितळी कप्पी असे. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत ते आम्हांला पदार्थविज्ञान शिकवत. फळीवर लाकडी गाडी, तिचा दोरा कप्पीवरून खाली सोडलेला आणि टोकाला वजन. गाडीवर गळका डबा ठेवलेला. गाडी धावू लागली की फळीवर थेंब पडत आणि पुढे पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत जाई.

"ओढ किती आणि ओझं किती एवढं सांगा, पुढचं गाडीच सांगेल," असं ते म्हणत. माणसांनाही हाच हिशेब लावत. माझे वडील गेले त्या वर्षी मी अभ्यासात फार मागे पडलो. हेडमास्तर माझं नाव काढायला निघाले, तेव्हा कप्पीमास्तर म्हणाले, "त्याचं ओझं वाढलंय, ओढ तेवढीच आहे. जरा दम धरा." तेवढ्यावर मी शाळेत राहिलो.

आलेख ते कागदावर काढत नसत. पांगाऱ्याच्या मऊ लाकडाच्या पाटीवर टाचण्या टोचत. ओढ वाढली की टाचणी उजवीकडे, वेग झपाट्याने वाढला की वर. मग ओळीवरून बोट फिरवत. आम्हांला वाटे, म्हाताऱ्याची लहर. खरं तर त्यांची नजर जात चालली होती. ते कळल्यावर वर्गाने तोंड शिवून घेतलं, कारण बाहेर फुटलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती.

तपासणीला गोरा साहेब यायचा होता. शाळेची शोभा व्हावी म्हणून हेडमास्तरांनी आदल्या दिवशी टाचण्या सरळ रेघेत लावून ठेवल्या. साहेब पाटी पाहून खूश झाला. मास्तरांनी मात्र बोट फिरवलं आणि ते थांबले.

"ही माझ्या गाडीची रेघ नाही. तिचं एक चाक घासतं."

गप्प बसले असते तर निभावलं असतं. त्यांनी सगळ्यांदेखत गाडी पुन्हा सोडली आणि ओले थेंब बोटांनी चाचपत मोजले. एक टाचणी हातातून पडली. ती ते जमिनीवर शोधू लागले. ती साहेबाच्या बुटापाशीच होती. साहेबाने वाकून ती त्यांच्या तळहातावर ठेवली. महिनाअखेर मास्तर कल्याणला भावाकडे गेले.

मी मास्तर झालो तेव्हा माझ्या वर्गाची टाचण्यांची पाटी घेऊन त्यांना भेटायला गेलो. ते अगदी वाळले होते. पाटीवरून बोट फिरवताना एका टाचणीशी अडले.

"ही खाली आहे रे."

"तशीच आली, मास्तर."

"मग राहू दे."

मला राहवलं नाही. माझ्या डोळ्यांतून त्यांच्या मनगटावर दोन थेंब पडले. सवयीने त्यांचं बोट एकावरून दुसऱ्यावर गेलं, आणि ते हळूच म्हणाले, "पुरे रे. थांबव आता गाडी."

ती आमची शेवटची भेट.