अकेयोच्या गाण्याची घाई

केंडूच्या बाजारात कुणालाही विचारा, ओबुरा कोण, तर तो आधी स्वतःची बोटं हवेत थरथरवून दाखवील आणि मग घर दाखवील. एवढीच त्या माणसाची ओळख. स्वभावाने भला, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पानात पडेल ते मुकाट खाणारा. पण त्याच्या भलेपणाबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नाही. बोलणं सगळं बोटांचं. सरोवराच्या या काठाला त्याच्याइतकी भरधाव गिटार वाजवणारा दुसरा नव्हता, आणि हे मी कौतुकाने सांगत नाही.

तो काही जन्मापासून असा नव्हता. पंचविशीत असताना तो पलीकडच्या काठावर, असेम्बोला, एका लग्नात वाजवायला गेला. तिथे त्याला अकेयो दिसली आणि परत येताना होडीतच त्याने तिच्यावर गाणं बांधलं. शब्द चारच ओळींचे. खरं गाणं होतं ते ओळींच्या मधे, गिटारच्या एका लहानशा फिरतीत. ती फिरत इतकी संथ की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना ऐकणाऱ्याला वाटायचं, आता हा पोचतो की नाही. पण पोचायचा. त्या गाण्यावर अकेयो भुलली, तिच्या बापाच्या गोठ्यात देज म्हणून ओबुराच्या घरच्या गायी गेल्या, संसार सुरू झाला.

मग एका रविवारी ओयुगिसच्या मैदानात घात झाला. ओबुराच्या पाठोपाठ किसुमूचा एक वादक उभा राहिला आणि त्याची बोटं अशी काही पळाली की लोक ओबुराला विसरूनच गेले. वर गर्दीतून एक जण ओरडला, "ओबुरा, तुझी गिटार आज उपाशी आहे का रे? पायच उचलत नाही तिचा!" सगळं मैदान खो खो हसलं. लोक हसून घरी गेले, पण ते हसू याच्या जिव्हारी लागलं.

अकेयो शाळेचे गणवेश शिवायची. दुसऱ्या दिवसापासून हा गिटार घेऊन तिच्या शिलाई मशीनसमोर बसू लागला. मशीनची सुई जितक्या वेगाने वरखाली होईल, तितक्याच वेगाने बोटं चालली पाहिजेत, हा त्याचा पण.

"मार पाय. आणखी जोरात."

"दोरा तुटतोय रे माझा, अपोंडीच्या लेका! कुठे आग लागलीय?" रागावली की ती त्याला त्याच्या आईच्या नावाने हाक मारायची.

"तुटू दे. मार पाय."

वर्षभरात त्याने मशीनला मागे टाकलं आणि पुढच्या वर्षी किसुमूवाल्याला. मग काय विचारता! जिथे तिथे ओबुरा. बँडमध्ये गायचा न्देदे, याचा बालमित्र. तो एकदा कातावून म्हणाला, "अरे बाबा, मला श्वास तरी घेऊ दे. ओळ माझ्या तोंडातून बाहेर पडायच्या आत तू गाणं संपवून मोकळा होतोस."

"लोक नाचतात ना?"

"ब्रेक गेलेल्या बसमधले लोकही जागेवरून उडतातच की! त्याला काय नाच म्हणायचं?"

ओबुराने मनावर घेतलं नाही. अकेयोचं गाणंही त्याने असंच पळवायला घेतलं. एकदा वाढता वाढता ती म्हणाली, "पूर्वी या गाण्यात मी घटकाभर बसून पाणी प्यायचे. आता उंबऱ्याशी पोचते तोवर तू दार लावून पुढच्या गावाला." तो हसला. मूर्ख माणूस, दुसरं काय म्हणणार?

तिला छातीचं दुखणं जडलं. चुलीपाशी बसवेना तेव्हा ती माहेरी गेली, आईच्या देखभालीत. ओबुरा नाकुरूच्या दौऱ्यावर होता. आठवड्यात येतो असा निरोप त्याने तीनदा पाठवला. मंगळवारी ती गेली आणि हा गुरुवारी पोचला.

आमच्यात सासू आणि जावई समोरासमोर बसून बोलत नाहीत. एकमेकांचा मान ठेवायचा तो लांबूनच. ती वाटेने आली तर याने वाट सोडायची. त्यामुळे अकेयो शेवटी काय बोलली, हे जिला एकटीला ठाऊक, तिलाच विचारायची ओबुराला सोय नव्हती. त्याने मेव्हण्याला, ओग्वेनोला, मधे घातलं. दोन दिवसांनी ओग्वेनो उत्तर घेऊन आला.

"भावजी, आई म्हणते, पोरीने तुमच्यासाठी निरोप ठेवलाय. पण तो दुसऱ्याच्या तोंडी पाठवायचा नाही. मातीच्या दिवशी तुम्ही तिचं गाणं वाजवा. आई हात वर करील आणि सगळ्यांसमोर सांगेल."

यात नवल काही नाही. आमच्याकडे गाणं चालू असताना कुणीही हात वर करावा, थाळीत नाणं टाकावं आणि आपल्या माणसाबद्दल बोलावं. कुणी स्वतःची फुशारकी मारतो, कुणी मेलेल्याचे गुण गातो. हात वर झाला की गायक थांबतो, ढोल थांबतात आणि एकटी गिटार हळू, खालच्या आवाजात फिरत राहते, बोलणाऱ्याच्या शब्दांखाली चटई अंथरावी तशी. जी गोष्ट सासू जावयाला सांगू शकत नाही, ती त्या चटईवर उभं राहून सांगू शकते.

म्हणजे ओबुराला करायचं काय होतं? हळू वाजवायचं होतं. बस्स. त्याने स्वतःशी म्हटलंही, हळू वाजवायला काय लागतं? ज्याला पळता येतं त्याला चालता येत नाही का?

आमच्यात बाईची माती सासरीच होते, म्हणून पेटी होडीने केंडूला आणली होती. दुपारचे तीन वाजले असतील. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. आंब्याखाली पेटी ठेवलेली, पलीकडे खणलेली लाल माती, झाडाला बांधलेला कर्णा. कुणीतरी कर्ण्यापाशी स्टुलावर टेपरेकॉर्डर चालू करून ठेवला होता, हल्ली ठेवतातच. न्देदेने पहिली ओळ उचलली आणि मित्राकडे बघून मान हलवली, जपून रे, अशी. ओबुराने जपून सुरुवात केली. दुसरी ओळ झाली. तशी बायकांच्या घोळक्यातून सासूबाई उठल्या. उंच, ताठ बाई. त्यांनी हात वर केला, थाळीत नाणं टाकलं. न्देदे थांबला. ढोल थांबले.

"मी अकेयोची आई," बाईंचा आवाज खणखणीत होता. "माझ्या लेकीने जाताना माझा हात धरला आणि म्हणाली..."

गिटार एकटी राहिली. ओबुराने एक सूर सोडला आणि पुढच्यासाठी थांबला. त्या थांबण्यात त्याला पेटी दिसली. पुढचा सूर सोडला, थांबला, आणि आता पेटीच्या आत ती दिसली, हात छातीवर, माहेरचा निळा झगा. आपण नाकुरूला होतो. आणखी एक सूर आणि पुन्हा ती भयंकर मोकळी जागा. इतक्या वर्षांत त्याने दोन सुरांमधे कधी जागाच ठेवली नव्हती, मग तिथे उभं कसं राहायचं हे त्याला येणार कुठून? त्याचा जीव घाबरला. बोटांनी ती जागा भरून टाकली. आधी एका सुराने, मग चारांनी, मग मोजता येणार नाहीत इतक्यांनी.

ढोलवाल्याला वर्षानुवर्षांची सवय. ओबुराची बोटं सुटली की त्याने थाप द्यायची. त्याने दिली. कर्णा गरजला. लोक आधी चमकले, मग एक म्हातारा मातीच्या रीतीप्रमाणे डहाळी उंचावून पेटीभोवती नाचत धावला, त्याच्यामागे पन्नास जण, बायकांनी जिभा हलवून आरोळ्या ठोकल्या. सासूबाई उभ्याच होत्या. त्यांचे ओठ हलत होते. ओबुराला ते हलताना दिसत होते आणि ऐकू येत होती ती फक्त स्वतःची गिटार. थांब, थांब, असं तो बोटांना म्हणत होता. बोटं कुठली ऐकतायत!

तो थांबला तेव्हा बाई खाली बसल्या होत्या.

"अरे, काय रडलास रे बोटांनी!" लोक गळ्यात पडू लागले. "बायकोसाठी असं कुणी वाजवलं नसेल!" न्देदे तेवढा जवळ आला नाही. तो वायर गुंडाळत राहिला.

ओबुराने ओग्वेनोला पुन्हा गाठलं. हात जोडले, पाया पडायचा बाकी राहिला. ओग्वेनो आईकडे जाऊन आला.

"आई म्हणते, मी सांगितलं. चार गावांसमोर उभं राहून शेवटच्या शब्दापर्यंत सांगितलं. आता परत सांगणार नाही."

"तुला तरी काय ऐकू आलं? तू तर शेजारीच होतास!"

"खरं सांगू, भावजी? मी नाचत होतो."

बाईंच्या आजूबाजूला बसलेल्या बायकांना त्याने एकेकीला विचारलं. त्या आरोळ्या ठोकत होत्या. सासूबाई त्याच आठवड्यात होडीने असेम्बोला परत गेल्या आणि त्या दोघांमधे पुन्हा कसलाही निरोप गेला-आला नाही.

टेपच्या मात्र नकला निघाल्या. केंडू ते होमा बे, प्रत्येक गाडीत तीच वाजायची. ओबुरानेही एक आणली. त्यात बाईंचा आवाज स्पष्ट होता. "जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, ओबुराला सांग, की..." आणि तिथून पुढे गिटार. त्याने ते शंभर वेळा ऐकलं असेल, कान रेकॉर्डरला लावून. त्या सुरांच्या गर्दीत एखादा शब्द, निदान शब्दाची शेपटी तरी सापडेल म्हणून. ऐकता ऐकता रेकॉर्डरचे सेल उतरत गेले आणि एका सकाळी टेप रखडत चालू लागली. गिटार मंद झाली, आणखी मंद झाली, अगदी पूर्वीच्या त्या संथ चालीवर आली. ओबुरा श्वास रोखून बसला. सूर सुटे सुटे होऊन एकेक समोर येत होते, मधे हव्या तेवढ्या जागा होत्या, आणि कुठल्याच जागेत कुणी नव्हतं. बाईंचा शब्द नव्हता, अकेयो नव्हती. नुसती बोटं होती.

शनिवारी ओयुगिसला एका शिक्षकाच्या बायकोची माती होती. शिक्षक स्वतः ओबुराच्या दारात आला, रडून डोळे सुजलेले. म्हणाला, "भाऊ, तुम्ही तुमच्या बायकोसाठी वाजवलंत ना, अगदी तसंच वाजवा." ओबुराने तसंच वाजवलं.