घर नंबर त्रेसष्ट, चाकं सहा

आमचं पहिलं घर ताशी वीस मैल वेगानं जायचं. उतारावर पंचवीस. त्याहून जोरात गेलं की फळीवरची भांडी खाली यायची, म्हणून वत्सला मला पंचविसाच्या पुढं जाऊ देत नसे.

तो लढाईतला जुना लष्करी ट्रक होता. मी जत्राजत्रांतून फिरणारा फोटोग्राफर. ट्रकावर पत्र्याचं छप्पर आणि फळ्यांच्या भिंती चढवून आम्ही आत संसार थाटला होता. पुढं चूल आणि पलंग, मागं फोटो धुवायची अंधारी खोली, पायरीवर रॉकेलच्या डब्यात तुळस, आणि गिऱ्हाइकांना मागं लावायला कापडावर रंगवलेला राजवाडा. (स्वतःला पायाचं घर नाही आणि लोकांना रोज राजवाड्यासमोर उभं करतो, हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं.)

लग्नानंतरची तीन वर्षं आम्ही आदिलाबाद, निर्मल अशा हैदराबाद राज्यातल्या जत्रा केल्या. मग वत्सलाला माहेरची ओढ लागली. माहेर हिंगणघाटचं, आणि मलाही गिरडच्या जत्रेची हाव सुटली होती. आलो वर्धा जिल्ह्यात. पण गाडीची नोंद हैदराबाद राज्यातली, माझं लायसन तिकडचं आणि तेही मुदत संपत आलेलं. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात! म्हणजे नंबराची पाटी नवी, लायसन नवं, परीक्षा नवी.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. मला गाडी मागं घेता येत नव्हती! तिकडच्या साहेबानं माझी परीक्षा सरळ रस्त्यावर घेतली होती, आणि रस्ता काही संपला नाही. त्यानंतर तशी गरजही पडली नाही. जत्रेत शिरताना मी गाडी सरळ आत घालत असे, आणि चार दिवसांनी निघताना बघावं तर ती आपली रस्त्याकडे तोंड करून उभी! मी हे माझ्या दूरदृष्टीचं फळ समजत होतो.

तर आम्ही वर्ध्याच्या मोटारींच्या कचेरीत गेलो. जाड भिंगाच्या बाबूंनी अर्ज पुढं ओढला.

"पक्का पत्ता सांगा."

"गाडीतच राहतो आम्ही."

"बरं. मंग गाडी कुठं राह्यते?"

"आम्ही राहतो तिथंच."

बाबूंनी टाक खाली ठेवला. "असं पाहा, पत्त्याबिगर गाडीची नोंद होत नाई. नोंद नाई तं गाडी जप्त."

"मग आम्ही राहायचं कुठं?"

"ते ठरलं का येऊन सांगजा. तोच पत्ता लिहू."

आता खरी गंमत अशी की, हाच पत्ता माझे सासरेही मागत होते. मामाजी जिनिंग कारखान्यात हेडक्लार्क. पत्र लिहिणं आणि पत्ता घालणं यातच त्यांची हयात गेलेली. पण पोटच्या पोरीला लिहिलेली पत्रं 'मालक सापडत नाही' असा शेरा घेऊन परत यायची. ती सगळी त्यांनी दोऱ्यानं बांधून ठेवली होती. आम्ही हिंगणघाटला गेलो, तेव्हा तो गठ्ठा त्यांनी माझ्यासमोर ताटासारखा वाढला.

"जावईबापू, पाडव्यापर्यंत पत्ता दाखवा. नाई तं माही पोरगी घरी घेऊन येतो मी. फिरत राहा मंग एकटे."

"बाबा, कायले एवढं मनाले लावून घेता?" वत्सला म्हणाली.

"तू चूप राह्य. तुले ताप आला होता ते मले महिन्यानं समजलं!"

म्हातारा चिडला नव्हता, घाबरला होता. मीही घाबरलो. वत्सलावाचून तो ट्रक म्हणजे नुसतं लोखंड होतं, आणि ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती.

मग मला एक युक्ती सुचली. (माझ्या युक्त्यांबद्दल वत्सलाचं मत वेगळं आहे, पण आठवणी मी लिहितोय.) हमरस्त्यावरच्या जाम गावच्या सरपंचांचा मी मागंच एक फोटो काढला होता. घरची चौदा माणसं आणि एक बैल, सगळ्यांचे डोळे उघडे! तेव्हापासून ते मला मोठा कलावंत मानत. त्यांच्या पडीक जागेत, निंबाखाली गाडी लावली आणि म्हटलं, "सरपंचसाहेब, हे आमचं घर. रजिस्टरात चढवा."

सरपंचांनी ट्रकाभोवती एक चक्कर मारली. "हाय तं घरच. लिहा हो सेक्रेटरी! भिती?"

"लाकडी," मी म्हणालो.

"छप्पर?"

"पत्र्याचं."

"दार?"

"एक. मागच्या बाजूनं."

"अंगणात तुळस हाय. झालं मंग!" चाकांसाठी रजिस्टरात रकाना नव्हता, म्हणून ती लिहिली नाहीत. सेक्रेटरींनी पत्त्याचा दाखला दिला आणि डांबरानं माझ्या दारावर आकडा काढला. घर नंबर त्रेसष्ट.

दाखला बघून बाबू खूश झाले. "येत्या गुरुवारी साहेब पत्त्यावर येऊन गाडी पाह्यतील. परीक्षाही तिथंच घेतील." मी तडक हिंगणघाटला जाऊन मामाजींना दाखला दाखवला. त्यांनी तो तीनदा वाचला, डोळे पुसले आणि पंचांग काढलं.

"घराले नंबर भेटला. आता वास्तुशांत!"

"अहो मामाजी, पण तो ट्रक आहे."

"दाखल्यात घर लिहेल हाय. वास्तुशांत नाई केली म्हनून तं तुमचा पाय एका जागी ठरून नाई राह्यला! गुरुवारचा मुहूर्त हाय."

गुरुवार! मी तोंड उघडलं होतं, पण वत्सलानं डोळ्यांनी खुणावलं. बापाला इतकं आनंदात तिनं किती वर्षांनी बघितलं होतं, देव जाणे. मी गप्प बसलो आणि तिथंच घात झाला.

गुरुवारी सकाळी मामाजी भटजींना घेऊन बैलगाडीतून आले, सरपंचही हजर झाले. दाराला तोरण लागलं, ट्रकासमोर होम पेटला. आता वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायची असते. भटजींनी सूर्य बघितला, ट्रक बघितला आणि डोकं खाजवलं.

"यजमान, तुमच्या घराचा आग्नेय कोपरा कोनता?"

"आज की एरवी?" मी विचारलं. (खोटं नाही. आमचा आग्नेय कोपरा सकाळी चुलीत असायचा आणि वळण घेतलं की अंधाऱ्या खोलीत!)

त्या दिवशी ट्रकाचं तोंड पूर्वेला होतं. म्हणजे आग्नेय कोपरा उजव्या पुढच्या चाकाशी. भटजींनी चाकाच्या अगदी पुढ्यात हातभर खड्डा खणला, प्रतिमा ठेवली, माती लोटली, वर फूल वाहिलं. मामाजींनी हात जोडले. "आता हे घर हालत नसते!"

आणि नेमकी तेव्हाच साहेबांची जीप आली.

साहेब उतरले. समोर धूर, तोरण, तुळस, सोवळ्यातले भटजी, आणि दारावर घर नंबर त्रेसष्ट.

"गाडी कुठं आहे?"

"ही काय साहेब."

"हे तर घर आहे!"

"बराबर!" मामाजी आणि सरपंच एका सुरात म्हणाले.

मी घाईघाईनं साहेबांना वाकून चाकं दाखवली. त्यांनी ती मोजली. सहा भरली. "ठीक. चालवून दाखवा."

मी चढलो, गाडी सुरू केली. तोच मामाजी आडवे हात करून समोर उभे राहिले. "थांबा! देवाच्या छातीवरून चाक नेता का जावईबापू?"

"आन घर गावाबाहेर काऊन नेऊन राह्यले?" सरपंच ओरडले. "परवाच तं चढवलं रजिस्टरात! एक घर कमी झालं तं मी वरच्याइले काय सांगू?"

साहेब घड्याळ बघत म्हणाले, "त्यात काय एवढं? पुढं देव असेल तर गाडी मागं घ्या."

मागं घ्या! मी वळून बघितलं. मागं एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला निंब, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी वाट.

"साहेब, मागं घेणं अशुभ असतं ना? होम चालू आहे," मी म्हणालो.

"शास्त्रात तसं काही नाई," भटजी म्हणाले. या माणसाला दक्षिणा मीच देणार होतो!

मी देवाचं नाव घेऊन गिअरचा दांडा ओढला. खर्रर्र! असा आवाज आला की होमाजवळची कुत्री पळाली. क्लच सोडला, आणि गाडी वीतभर पुढं गेली! मामाजींनी किंकाळी फोडली, भटजींनी मंत्र पहिल्यापासून सुरू केले, साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. चाक फुलाला टेकलं होतं.

"वास्तुपुरुष तुडवला तं पोरगी आत्ताच घेऊन जातो!" मामाजी म्हणाले.

मी घट्ट ब्रेक दाबून बसून राहिलो. पुढं जावं तर बायको जाते, मागं जायची विद्या नाही. तेवढ्यात माझ्या बाजूचं केबिनचं दार उघडलं. वत्सलानं पदर खोचला होता.

"उतरा खाली."

"अगं, पण..."

"उतरा म्हनते ना!"

मी उतरलो. तिनं एकदा मान वळवून मागं बघितलं, दांडा हलकेच सरकवला आणि विहीर न् निंब यांच्या मधून ते सहा चाकांचं घर, तोरणासकट, नाकासमोर चालावं तसं मागं नेलं. तुळशीचं पान हललं नाही! मग वळवून, साहेबांच्या पुढ्यात आणून उभं केलं.

मी धावत खिडकीशी गेलो. "वत्सला, तू हे कुठं शिकलीस?"

"तुमी जत्रेत फोटू काढत फिरता, तवा गाडीचं तोंड रस्त्याकडं कोन करते? देव?"

तीन वर्षांची माझी दूरदृष्टी त्या क्षणी निंबाखाली गतप्राण झाली.

साहेब हसले. एवढा वेळ आवरून धरलेलं हसू होतं ते. "लायसन बाईंचं होईल. यांचं नाही. बाईंचा फोटो पाहिजे." फोटो मीच काढला, राजवाड्यासमोर. तिच्याकडेच बघत राहिलो आणि फोटोच्या तीन काचा वाया गेल्या.

राहिला पत्त्याचा प्रश्न. घर तर जागेवरून हललं होतं! मामाजी खड्ड्याजवळ उकिडवे बसले. फूल तसंच होतं. त्यांनी त्यावरची माती झटकली आणि ते म्हणाले, "घर हाललं, पन वास्तुपुरुष जागीच हाय. हाच तुमचा पत्ता. पत्र इथंच टाकीन मी."

सरपंचांनी तिथं एक दगड रोवून त्रेसष्ट आकडा घातला आणि आलेली पत्रं सांभाळायचं कबूल केलं. गावातलं घर कमी झालं नाही, याचंच त्यांना समाधान.

"आणि पोरीचं काय मामाजी?" मी भीत भीत विचारलं.

उत्तर वत्सलानं दिलं, स्टिअरिंगवरून. "बाबा, पाडव्याले येऊन राह्यली मी हिंगणघाटले. पन घर घेऊनच!" मामाजी हसता हसता रडले. मीही थोडा रडलो, पण ते होमाच्या धुरानं.

वर्षभरातच छप्पन्न साल उजाडलं. इंजिन उघडून आम्ही महिनाभर त्याच दगडाशेजारी उभे होतो. जन्मात पहिल्यांदा एका जागी इतके दिवस! आणि एक दिवस कळलं की वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. पुन्हा पाटी, पुन्हा कचेरी, पुन्हा तेच बाबू.

"कुठून आले?"

"कुठूनच नाही. घर नंबर त्रेसष्टलाच आहोत."

"मंग हाललं कोन?"

"राज्य!"

बाबूंनी मान डोलावली आणि नवा कागद घेतला. मालकाच्या पुढं लिहिलं वत्सलाचं नाव, कारण ज्याला मागं घेता येत नाही त्याच्या नावावर गाडी कशाला, म्हणून मामाजींनी ती आधीच लेकीच्या नावावर करून घेतली होती. चालकाच्या पुढंही वत्सलाच. मग त्यांनी जाड भिंगातून माझ्याकडे बघितलं.

"तुमी गाडीत काय करता?"

"गाडी मागं घेताना खाली उतरतो," मी म्हणालो.

बाबूंनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा तपासला. त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून चाकांसारखंच मलाही लिहिलं नाही.