मारल्याचे गुण
आर्णीत एका गॅरेजच्या माडीवर आम्ही चौघे मित्र दर रविवारी फासे टाकून गोष्ट रचण्याचा खेळ खेळायचो. गोष्ट मी सांगायचो, बाकीचे एकेक पात्र व्हायचे. शत्रू मारला की मी गुण द्यायचो आणि गुण साठले की पात्राची ताकद वाढायची.

एकाचं पात्र वैद्य होतं. तीन रविवार तो शत्रूच्याच जखमी शिपायाची मलमपट्टी करत बसला आणि सगळ्यांच्या मागे पडला.

"मले कायले गुण नाही देत?" त्यानं विचारलं.

"नियम हाय," मी तोऱ्यात म्हणालो. कसला नियम? माझाच तर होता.

चौथ्या रविवारी मी सांगितलं, शिपाई उठून बसलाय, पाणी मागतोय. वैद्य झालेल्या मित्रानं फासे टाकले, शिपायाला मारलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिही आता."

मी गुण लिहिले.