रुपा मागे का राहिली

हे मी कधी बोलले नाही. नवऱ्याशी नाही, आईशी नाही — आणि जिच्याशी बोलायला हवं होतं तिच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं आमच्या घरी येणं-जाणं नाही.

रुपा माझी धाकटी बहीण. मोटारसायकल तिला मीच शिकवली, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीला वाळू घट्ट होते तेव्हा. त्या वेळी मी स्वतः शर्यतींत उतरायचे. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती — उड्या, वळणं, तोंडभर धूळ. मनवेलपाड्यात अण्णा म्हणून एकांचं गॅरेज होतं, टीमही त्यांचीच. मग एका वळणावर मी पडले. खांदा मोडला, तो पुन्हा पूर्वीसारखा झालाच नाही. अण्णांनी माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि माझी गाडी रुपाला दिली.

वाईट वाटलं का? तेव्हा नाही, खरंच. वाटलं ते नंतर, एका सरावाच्या दिवशी. मी जिथे पडले होते त्या वळणावरून ती थ्रॉटल न सोडता निघून गेली. थांबल्यावर हेल्मेट काढून, हसत मला म्हणाली, "ताई, तू इथे ब्रेक का मारायचीस गं?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं. आणि तेच — कसं सांगू — तेच मला सहन झालं नाही. त्यानंतर तिची फेरी वेगात झाली की मला ती नकोशी वाटायची. टाळ्या मात्र मी सगळ्यांत जोरात वाजवायचे.

मग ती शर्यत आली. आमचा दुसरा रायडर एल्विन, वसईचा, शांत आणि सरळ. पात्रता फेरीत तो आणि रुपा, दोघं आमचेच, पहिल्या दोन जागांवर. अण्णा खूश होते आणि धास्तावलेलेही. आदल्या वर्षी त्यांचेच दोन रायडर पहिल्या नंबरासाठी एकमेकांवर आदळून बाहेर गेले होते. शिवाय या वेळी दक्षिणेतल्या एका मोठ्या टीमची माणसं बघायला आली होती. जो जिंकेल त्याला ती घेऊन जाणार होती.

अण्णांनी मला टेम्पोच्या आडोशाला नेलं. "वैशू, तू दोघांना रोज बघतेस. खरं सांग, शेवटपर्यंत कोण टिकेल?"

माझा अंदाज सहसा चुकत नसे. त्या दिवशीही चुकला नव्हता. एल्विनचे हात शेवटच्या फेऱ्यांत भरून येतात, वळणावर तो बाहेर फेकला जातो, हे मला ठाऊक होतं. रुपाचं उलट. तिचा खरा वेग सुरू व्हायचाच शेवटी.

"एल्विन," मी म्हणाले. "रुपा शेवटी थकते. पुढे जायच्या नादात त्यालाही घेऊन पडेल."

अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. का विचारतील? सख्खी बहीण सांगत होती. ते तडक रुपाकडे गेले आणि तिला एल्विनच्या मागेच राहायला सांगितलं. त्यांच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. मी स्टॉपवॉचची बटणं दाबत बसले.

ती मागे राहिली. शेवटी एल्विन वळणावर बाहेर जायला लागला, आतली बाजू सताड मोकळी पडली. रुपाचं पुढचं चाक आत आलं — आणि पुन्हा मागे गेलं. ते मी पाहिलं. आनंद झाला का मला? झाला. क्षणभर का होईना, झाला.

शर्यत संपल्यावर एल्विन धापा टाकत माझ्याकडे आला. "ती पुढे का नाही गेली? मी तर संपलो होतो."

"अण्णांनी सांगितलं होतं," मी म्हणाले.

घरी जाताना रुपा माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. अर्ध्या रस्त्यात म्हणाली, "ताई, अण्णा म्हणाले मी थकते. तू काही बोलली नाहीस?"

"बोलले ना. खूप भांडले. ऐकेचनात."

तिने माझ्या पाठीवर डोकं टेकलं आणि रडली.

एल्विन दक्षिणेत गेला. रुपाने अण्णांचं गॅरेज सोडलं, आणि पुन्हा शर्यतीच्या गाडीवर कधी बसली नाही. समजूत काढायला अण्णा घरी आले तर तिने दार उघडलं नाही. मी आतच होते. त्यांनी मला विचारून ठरवलं होतं, हे त्यांनीही तिला कधी सांगितलं नाही — बहिणींमध्ये वितुष्ट नको म्हणून असेल. गेल्या वर्षी अण्णा वारले. रुपा त्यांच्या अंत्यदर्शनालाही आली नाही. मी एकटी जाऊन हात जोडून आले.

परवा ती जेवायला आली होती. माझ्या मुलीने तिला विचारलं, "मावशी, तू रेस का सोडलीस?"

"अण्णांनी मला जिंकू दिलं नाही," रुपा म्हणाली. "तेव्हा माझ्यासाठी एकटी तुझी आई भांडली होती."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. इतक्या कौतुकाने तिने मला कधी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "भात घ्या. निवतोय."