दानिएलचा सिंह

गोबेर पाथरवटाने तीस वर्षांत सात गावांची चर्चं सजवली, पण सिंह काही कधी पाहिला नाही. बर्गंडीच्या त्या खोऱ्याबाहेर त्याने पाऊलच टाकलं नव्हतं. लिहिण्यावाचण्याच्या नावाने शून्य. बायबल त्याला पाद्र्यांच्या तोंडून कळे तेवढंच. त्यामुळे त्याचा उंट गायीच्या वळणावर जाई आणि योनाला गिळणाऱ्या माशाला चांगले दोन कान असत. कोणी हसलं तर म्हणे, "तू पाहिलायस? मग गप्प बस."

यंदा नव्या चर्चच्या दारासाठी सिंहांच्या खड्ड्यातला दानिएल हवा होता; राजाने खड्ड्यात टाकलेला तो देवभक्त, ज्याला सिंहांनी रात्रभर शिवलंसुद्धा नाही. पाद्री वोल्बेर म्हणाले, "मोठं मांजर समज. मानेवर दाट केस." गोबेरने छिन्नी उचलली. आठ दिवसांनी दगडातून जे बाहेर आलं, ते पाहून नदीवरून परतणाऱ्या बायका थबकल्याच.

"अगं बाई, हा तर आरांबूर्जमावशीचा ब्रून!"

ब्रून म्हणजे मावशीचा कुत्रा. रोज दुपारी गोबेरच्या पावाचा तुकडा खायला यायचा. गेल्या हिवाळ्यात मेंढ्या वाचवताना लांडग्याशी झुंजून मेला. आता मावशी रोज येऊन दगडी डोकं कुरवाळू लागली, आणि गोबेरला फार बरं वाटे.

पाद्रीबाबांचा मात्र पारा चढला. "देवाच्या दारात कुत्रा? परवा बिशप येताहेत चर्चच्या अभिषेकाला. ते नको म्हणाले, तर तोंड भिंतीच्या आत करून बसवायचा. साधा चिरा म्हणून!"

गोबेरची अन्नावरची वासनाच उडाली. इतका जीव लावून त्याने आजवर काही घडवलं नव्हतं.

अभिषेकाच्या सकाळी दगड दाराशी टेकवला होता, चुना कालवून तयार होता. बिशप थांबले.

"हा सिंह?"

"होय, महाराज."

"मी सिसिलीत सिंह पाहिलाय रे. असा नसतो."

पाद्रीबाबांनी डोळे मिटले. गोबेर पुढे होऊन बोलला, "तुम्ही पाहिलात तो भुकेला असेल, महाराज. हा दानिएलच्या शेजारी रात्रभर नुसता बसला. तसं बसणाऱ्याचं तोंड मला एवढं एकच ठाऊक होतं."

बिशप वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"चुना वाळतोय," शेवटी ते म्हणाले. "बसवा. तोंड बाहेर."

आणि आत जाता जाता त्यांनी सिंहाला कानामागे खाजवलं.

"तिथंच आवडायचं त्याला," गर्दीतून आरांबूर्जमावशी म्हणाली.