भाऊंच्या गॉगलमधला कोंबडा

भोसरीत आमच्या फ्लेक्सच्या दुकानात जो येतो त्याला स्वतःचा फोटो नकोच असतो. त्याला जे व्हायचंय त्याचा फोटो पाहिजे असतो. पोट आत, छाती बाहेर, गळ्यातली चेन बोटाएवढी जाड. एकाला तर मी वाघाशेजारी बसवलाय. घरात पाल दिसली तर हा गडी बायकोला हाक मारतो, पण चौकात वाघाच्या पाठीवर हात ठेवून बसलाय.

हे सगळं कॉम्प्युटरवर, मास्कवर चालतं. एका फोटोवर दुसरा फोटो ठेवायचा, वरच्याला मास्क लावायचा. काळा ब्रश फिरवला की तेवढा भाग झाकतो, पांढरा फिरवला की परत दिसतो. बाकी लागतो तो संयम, आणि मनात राग असेल तर तो आपोआप येतो.

माझा राग भाऊवर होता. भाऊ म्हणजे चाकणच्या कंपन्यांना कामगार पुरवणारा ठेकेदार. मी राहतो ती खोली त्याचीच. आणि गेली कित्येक वर्षं तो ‘भावी नगरसेवक’ आहे. चार माणसं जमली की फोन कानाला लावून बोलायचा, “हां साहेब... नाही साहेब, तुमचा शब्द म्हणजे शब्द.” समोर कोण साहेब असतो ते देवाला ठाऊक.

गेल्या गणपतीत मंडपात मी नकला केल्या. लहानपणापासून तेवढंच येतं मला, शाळेत मास्तरांच्या खोकण्याचीसुद्धा केली होती. त्या दिवशी शेवटी भाऊ केला. पोट पुढं, फोन कानाला. “हां साहेब... जेवलो साहेब... मुख्यमंत्री का? घरी पाठवा, चहा घेऊ.” आणि मधेच मित्राकडून खरा फोन लावून घेतला. कानालाच वाजायला लागला. मंडप हसून हसून आडवा.

भाऊ स्टेजवर आला. हसत आला. माइक घेतला.

“पोरगं कलाकार आहे राव. आता माझी एक फर्माईश. कोंबडा करून दाखव.”

मी आरवलो.

“आवाज नको. शाळेतला कोंबडा. मास्तर करायला लावायचे तो.”

मी हसलो. तो हसत नव्हता.

“वाक.” हे मात्र माइक बाजूला धरून.

खोली त्याची. गावाहून आलेली आई पहिल्या रांगेत खुर्चीवर. वाकलो. पायांखालून हात घालून कान धरले. लोक आणखी हसले आणि आईनं टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. गावी जाऊन शेजारणीला सांगितलं, “भाऊंनी आमच्या पोराचं लई कौतुक केलं, स्वतः वर आले.” ते ऐकलं त्या दिवशी मी ठरवलं, ह्याला सोडायचा नाही.

दुसऱ्या दिवशी माझा स्टिकर झाला. एरियातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी वाकलेला. आणि कटिंग इतकं घाण, कडा फाटलेल्या, कानाला मंडपाची झालर चिकटलेली. अपमान करायचा तर निदान सफाईनं करा! रिक्षावाला म्हणायचा, “ए कोंबड्या, पुढं सरक.” मी कुणाचीही नक्कल सुरू केली की कुणीतरी फोन काढून स्टिकर दाखवायचा आणि हसू तिकडं जायचं. मग मी नकला बंदच केल्या. गप्प बसणारा नकलाकार म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

आणि मग भाऊचा वाढदिवस जवळ आला. फ्लेक्सची ऑर्डर आमच्याच दुकानात. फोटोत तो हाताची घडी घालून उभा, डोळ्यांवर काळा गॉगल. तो गॉगल बघितला आणि मला आतून गुदगुल्या झाल्या.

माझाच स्टिकर घेतला. अंग ठेवलं, माझं तोंड काळ्या ब्रशनं झाकलं, त्याच्या जागी भाऊचं तोंड बसवलं. गाल, मिशी, कपाळावरचा टिळा, सगळं. मग ते चित्र गॉगलच्या काचेवर ठेवलं आणि मास्क असा लावला, की काचेच्या बाहेर काही जाणार नाही आणि आतही पुसट, समोरच्या ढगाचं प्रतिबिंब पडावं तसं. दुसऱ्या काचेत तोच, उलटा फिरवून.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. फ्लेक्स घराएवढा असला तरी तो पास होतो मोबाइलवर. गिऱ्हाईक गाडीवर असतं, एका हातानं बघतं, ‘ओके’चा अंगठा पाठवतं, की आम्ही छापायला टाकतो. आणि बघतं काय? स्वतःचं पोट, आणि खाली शुभेच्छा देणाऱ्यांत कुणाचं तोंड मोठं आलंय.

भाऊचा फोन आला. “पोट अजून आत घे.”

“घेतो भाऊ.”

“आणि खाली उजव्या कोपऱ्यातल्याचं डोकं लहान कर. माझ्यापेक्षा जास्त हसतोय तो.”

“करतो भाऊ.”

अंगठा आला. छापला. चौकात चढवला. मोबाइलवर मुंगीएवढी असलेली काच तिथं परातीएवढी झाली.

सुरुवातीला कुणाचं लक्ष नाही. मग चाकणहून पोरं घेऊन येणारी कंपनीची बस सिग्नलला थांबली. खिडकीतलं एक पोरगं ओरडलं, “आयला, भाऊ गॉगलमध्ये वाकलाय!” अख्खी बस एका बाजूला. संध्याकाळपर्यंत नवा स्टिकर फिरायला लागला. कडा बघाल तर बघत राहाल.

भाऊ दुकानात आला. बिनगॉगलचा. आमच्या मालकांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी शांतपणे मोबाइल पुढं केला. “भाऊ, ये देखो, अंगठा तुमचाच हाय. आणि गॉगलात हाय कोण? मला तर कोंबडा दिसतो.”

भाऊनं दुकानात बसलेल्यांकडं बघितलं. ‘तो मी आहे’ हे त्याला मोठ्यानं म्हणायचं नव्हतं. फ्लेक्स उतरवावा, तर वाढदिवसाआधी स्वतःचाच फ्लेक्स उतरवला म्हणून विरोधकांनी पेढे वाटले असते.

“नवीन छाप. हे झाक,” तो मला म्हणाला.

“बसा ना भाऊ. समोर बसून करून घ्या, परत तक्रार नको.”

तो स्टुलावर बसला. मी झूम केलं. स्क्रीनभर भाऊ, पायांखालून हात, कान धरलेले. सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि टाचेपासून सुरुवात केली.

“मोठा ब्रश नाही का रे?”

“आहे की. पण कडा खराब होतात भाऊ.”

मागं बसलेल्यांपैकी कुणीच घरी जाईना. टाच झाली, पोटरी झाली. भाऊच्या मानेवरून घाम ओघळत होता. मिशीपाशी मी चहा मागवला. त्यालाही विचारलं. नको म्हणाला. कान सगळ्यात शेवटी झाकले.

तो उठला. पायरीवर बसून चप्पल घालत होता. मी माझा फोन उचलला, पोट पुढं काढलं आणि कानाला लावला. “हां साहेब...”

दुकान फुटलं हसून. आवाज बरोब्बर लागला होता. भाऊ वळला नाही. चपलेचा अंगठा त्याला सापडेना, तो खाली वाकून शोधत राहिला.